बापूंना इतिहास लागतो

कोकणच्या सागरी मार्गावर सायकली घेऊन उतरणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक बापू असतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेतली आणि संपलेली, गुडघे अजून मूळचेच, सायकल मात्र कार्बनची. आमच्या बापूंची सायकल पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जुन्या चादरीखाली असते. स्कूटर खाली पावसात भिजते. काकूंचं म्हणणं एवढंच, की पाहुणे आले की आधी सायकलची चौकशी करतात, मग माझी.

दर हिवाळ्यात बापू आम्हाला अलिबाग ते मालवण नेतात. टेम्पोतून सायकली उतरल्या की आधी कान्होजी आंग्र्यांच्या समाधीला नमस्कार. पोहे त्यानंतर. पोहे खाता खाता बापू रस्त्याचं वर्णन करतात आणि ते दरवर्षी तेच असतं : "मुरुडपर्यंत सपाटच आहे. पुढे एखादा चढ लागेल न लागेल."

कोकणात सपाट असते ती खाडी. रस्ता सड्यावरून खाली येतो, धक्क्यावर जाऊन पाणी बघतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, प्रत्येकीने समुद्राला मिळताना आमच्यासाठी एक उतार आणि एक चढ करून ठेवला आहे. उतारावर बापू सगळ्यांच्या पुढे असतात. चढाच्या मध्यावर कधीतरी ते डावा हात वर करतात, सायकल जांभ्याच्या गडग्याला टेकवतात आणि म्हणतात, "इथे एक गंमत आहे."

आम्ही समजतो. बापूंना चढावर दम लागत नाही. इतिहास लागतो.

मुरुड गावाच्या अलीकडच्या चढावर नवाबाचा राजवाडा आहे, तिथे सिद्दी. बाणकोटच्या चढावर इंग्रज, कारण त्यांनी तिथला किल्ला घेऊन त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. आरे-वारेच्या चढावर किल्ला नाही, राजवाडा नाही. तिथे बापू थिबा राजाला रत्नागिरीहून आणतात. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, इंग्रजांनी इथे आणून ठेवला, राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा गेला. "सहा वर्षं फक्त! एवढ्या मोठ्या घरात!" असं म्हणून बापू लांब श्वास सोडतात. तो थिबासाठी असतो असं समजायचं. चढ जितका खडा तितका इतिहास मागे जातो, हेही आमच्या लक्षात आलं आहे. साध्या चढाला पेशवाई पुरते. केळशीच्या पुढे शिलाहार लागतात. एकदा बापू सातवाहनांपर्यंत पोहोचले, तेव्हा मात्र कुणीतरी गुपचूप टेम्पोवाल्याला फोन केला.

पंक्चर हा बापूंचा खास प्रांत. रेवदंड्याला रस्ता जुन्या पोर्तुगीज तटाला भेदून जातो, त्याच्या सावलीत कुणाची ना कुणाची हवा जातेच. सगळ्यांकडे नवी ट्यूब असते. बदलली की निघालो. बापूंकडेही असते, पण ती अडीअडचणीला. पंक्चर ही अडचण आहे हे त्यांना मान्य नाही. ते चाक काढतात, ट्यूब ओढून तिच्यात थोडी हवा भरतात आणि ती गालाजवळून हळूहळू फिरवतात, डोळे मिटून. सगळ्यांनी गप्प बसायचं असतं. "सापडलं!" मग त्या जागेवर बाटलीतलं थेंबभर पाणी, बुडबुडा, बॉलपेनने फुली. पॉलिश पेपरने घासणं. नळीतलं सोल्युशन करंगळीने पसरणं, कारण बाकीची बोटं जाड पडतात. एक फुंकर. "आता कुणी हात लावायचा नाही." आणि सोल्युशन वाळेपर्यंत १७२१. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून येतात तेव्हा सोल्युशन ओलं असतं, हात हलवत परत जातात तेव्हा वाळलेलं. मग पॅच चिकटवून वर टाचेने दाबायचा. बापूंच्या स्वतःच्या मागच्या ट्यूबमध्ये आता रबर कमी आणि पॅच जास्त आहेत, पण ती बदलू का विचारलं तर ते असे बघतात, जणू आपण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आश्रमात ठेवायला सांगतोय.

एवढं किल्लेप्रेम, पण जंजिऱ्यात बापूंनी पाऊल ठेवलेलं नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते, माणसं चढतात, तोफा बघून परत येतात. बापू धक्क्यावर सायकलींजवळ उभे. कुणीतरी थांबायला हवं ना, आणि दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नाही. वर म्हणतात, "तटबंदी लांबूनच बघावी. आत गेलं की नुसते दगड." तिथल्या सरबतवालीला ते मधल्या वेळात सगळी मोहीम सांगतात. शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या उरावर पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली. बाई बापूंना ओळखते. "अहो काका, तुम्ही जाऊन तर या, मी बघते सायकली," असं ती दरवेळी म्हणते. बापू हसून दुसरं कोकम सरबत मागतात. जंजिरा मराठ्यांच्या हाती कधी लागला नाही, बापूंच्याही नाही.

फेरीबोटीवर त्यांची वेगळी लढाई असते. आगरदांड्यापासून जयगडपर्यंत प्रत्येक धक्क्यावर ते तिकीट देणाऱ्या पोराला विचारतात, "सायकलचं किती?" पोरगा आधी सायकलीकडे, मग बापूंच्या घट्ट काळ्या चड्डीकडे बघतो. मोटरसायकलचा दर पाटीवर असतो, त्याच्या खाली बापूंचं बोट फिरत राहतं. "इंजिन नाही हिला. हिला मोटरसायकल कशी धरशील?" मागे जीप हॉर्न देते. शेवटी पोरगा म्हणतो, "द्या काका, माणसाचं तेवढं द्या." पैसे वाचल्याचा नव्हे, तत्त्व जिंकल्याचा आनंद बापूंना दाभोळच्या खाडीच्या पलीकडे धोपाव्याचा चढ लागेपर्यंत पुरतो.

त्या चड्डीचंही सांगायला हवं. देवळापाशी आलं की बापू हँडलच्या पिशवीतून पंचा काढून चड्डीवर गुंडाळतात. वर पिवळीधमक जर्सी, डोक्यावर हेल्मेट विसरलेलं, खाली पंचा. हरिहरेश्वरला एका आजींनी त्यांना गुरुजी समजून अभिषेकाचं विचारलं. बापूंनी हेल्मेट काढलं आणि आजींना आत खऱ्या गुरुजींपर्यंत पोचवून आले. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीशी तर ते पंचा न सोडता अर्धा तास बसतात. गणपतीसाठी, आणि खाली दिसणाऱ्या सुवर्णदुर्गासाठीही.

विजयदुर्गला बापूंचा एक आवडता मुद्दा होता. किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात, त्यावर चढून ते जाहीर करायचे : "१८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध लागला तो इथे! या दगडावर!" गेल्या खेपेला आमच्यात फिजिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "बापू, तेव्हा हेलियम शोधणारा लॉकयर इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गला तो आला १८९८ च्या ग्रहणाला."

बापूंनी बाटलीचं झाकण उघडलं, पाणी प्यायले, झाकण लावलं.

"पण आला होता."

"हो, पण तीस वर्षांनी."

"आला होता ना? इथेच उभा होता ना? मग झालं तर." संध्याकाळी चहाच्या टपरीवर ते त्या मॅडमना बाजूला घेऊन बराच वेळ विचारत होते, की सूर्यातला वायू इथे बसून कळतो कसा. मॅडमनी कागदी नॅपकिनवर काढून दाखवलेल्या रेषा त्यांनी घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी देवगडच्या वाटेवर, चढावर, आम्हाला वर्णपट लागला.

मालवणला सिंधुदुर्ग समोर आला की प्रवास संपतो. सायकली टेम्पोवर चढतात, वर ताडपत्री, आणि बापू ड्रायव्हरशेजारी बसतात. कणकवली, वैभववाडी आणि मग करूळचा घाट. मागे सगळे पेंगलेले. टेम्पो पहिल्या गिअरमध्ये कण्हत असतानाच पुढून आवाज आला.

"जरा बाजूला घे रे."

"काका, भरलेली गाडी आहे. घाटात थांबलो तर उठायची नाही."

"उठेल. वर गगनगड आहे बघ. बावड्याचे पंत अमात्य ठाऊक आहेत का तुला? त्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर लिहिलंय. जहाजाला लाकूड हवं म्हणून रयतेचा आंबा-फणस जबरदस्तीने तोडायचा नाही. सतराव्या-अठराव्या शतकात, बाबा!"

बापू बसलेले होते, पायांना काही काम नव्हतं, आणि श्वास अगदी व्यवस्थित चालू होता. ड्रायव्हरने आरशात आमच्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कुणीही त्याच्या मदतीला गेलं नाही. त्याने हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाखाली दगड लावला, कठड्यावर बसून तंबाखू मळायला घेतली आणि म्हणाला, "आमच्या गावात कालच रस्त्यासाठी फणस पाडला. हां, काय लिहिलंय म्हणता?"