फलाट क्रमांक सात

आमच्या बिल्डिंगमधली चार कुटुंबं आजवर अंदमानला जाऊन आली. चारही कुटुंबांना नानांनी पाठवलं. नाना स्वतः अजून गेलेले नाहीत.

नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. सुरुवात वाहक म्हणून. चामडी पिशवी गळ्यात अडकवून अर्धा महाराष्ट्र त्यांनी उभ्याने पाहिला, आणि शेवटची सोळा वर्षं कराड स्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे काढली. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, ती चुकली तर मागून कुठली, हे सगळं तोंडपाठ. माइकवर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय लागली ती मात्र निवृत्त झाली नाही. सकाळी जिन्यातून आवाज येतो, "भाजी आणायला निघालोय, भाजी आणायला निघालोय." तिसऱ्यांदा सांगायची वेळ काकू येऊ देत नाहीत. पिशवी हातात कोंबून दार लावतात.

इतक्या लोकांना गावोगाव पोचवलं, पण नाना 'बघायला म्हणून' कधी कुठे गेले नव्हते. गेले ते लग्नाला, बाराव्याला, नाहीतर जेजुरीला. कुटुंबाचा मोफत पास मिळायचा, तोही खंडोबालाच वाहिला जायचा. २०१६ साली, निरोप समारंभाचा नारळ हातात असतानाच त्यांनी जाहीर केलं, "आता सहल काढणार. पहिली सहल. अंदमान. अंदमान."

लोकांना वाटलं सावरकरांमुळे. ते होतंच. 'माझी जन्मठेप' त्यांनी मुक्कामी गाडीत, मागच्या बाकावर आडवं पडून बॅटरीच्या उजेडात वाचलेलं. पण दुसरं कारण त्यांच्या पाकिटात होतं. वीस रुपयांची जुनी तांबडी नोट. तिच्या पाठीवर माड आहेत, मधून समुद्र दिसतो. ते चित्र अंदमानचं, माउंट हॅरिएटवरून दिसणाऱ्या देखाव्याचं, हे कुणीतरी त्यांना सांगितलं तेव्हा नाना हादरलेच.

"अरे, हजारो वेळा ही नोट मोजली मी. थुंकी लावून मोजली. आणि एकदा विचारलं नाही, की बाबा, हा थांबा कुठला?"

२०१९ साली वीसची नवी नोट आली, तिच्यावर वेरूळ. नानांनी ती उलटसुलट पाहिली आणि परत केली. "तिकडे आपली गाडी जाते," म्हणाले. म्हणजे विषय संपला. जुनी नोट प्लास्टिकच्या पाकिटात घालून फायलीच्या पहिल्या पानावर लावलेली आहे.

फाइल म्हणजे काय हे सांगायला हवं. एसटीच्या रद्द झालेल्या छापील तक्त्यांच्या कोऱ्या बाजूवर, हिरव्या शाईत, बोरू धरल्यासारख्या अक्षरात लिहिलेली दोनशे-सव्वादोनशे पानं. वरती पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पाटी. ही पाटी हेच नानांचं मोठं दुखणं. मूळ पाटी 'पोर्ट ब्लेअर'. २०१८च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप झालं, रॉसला नेताजींचं नाव मिळालं. नाना रात्रभर बसून चिठ्ठ्या चिकटवत होते. २०२१ साली माउंट हॅरिएटचा माउंट मणिपूर झाला. पुन्हा डिंक. आणि २०२४च्या सप्टेंबरात खुद्द पोर्ट ब्लेअरचंच श्री विजय पुरम झालं, तेव्हा पुठ्ठ्यावर चिठ्ठीवर चिठ्ठी बसून फाइल मिटेना. नाना कुरकुरले नाहीत. "पाटी बदलली तरी मार्ग तोच आहे," एवढंच म्हणाले, आणि वरून रबर बँड लावला.

बेटं किती, यावर पहिली चार पानं आहेत. एका जागी ५७२ लिहिलंय, दुसऱ्या जागी ८३६. खडकसुद्धा मोजायचे की नाहीत यावर आकडा हलतो. नानांनी समासात लिहून ठेवलंय, "विनंती थांबे धरून." त्यातली माणसांची वस्ती असलेली चाळीसच्याही आत. बाकीच्या ठिकाणी, नानांच्या शब्दांत, फेरी नाही. दहा अंशांच्या खाडीपलीकडे निकोबार. तिथे आपल्यासारख्या पर्यटकांना सोडत नाहीत, म्हणून त्या पानावर लाल शाईत 'आरक्षित'. बॅरन बेटावर ज्वालामुखी आहे, जागृत आहे, पण उतरू देत नाहीत. हे नाना वाचून दाखवत होते तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. 'जागृत' हा एकच शब्द त्यांच्या कानावर पडला. म्हणाल्या, "मग लांबून का होईना, नारळ द्यायला लागंल."

काकूंचा भूगोल स्वतंत्र आहे. स्वराज द्वीपावर राधानगर नावाचा किनारा आहे, सगळं जग तो बघायला जातं, असं नाना रंगून सांगत होते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं या बेटांवर वसवली गेली, म्हणून राधानगर, गोविंदनगर अशी बंगाली वळणाची नावं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "राधानगरीला माझी मावसबहीण दिलीया. तिथं जायला विमान कशाला? कोल्हापूरला उतरायचं न् गाडी बदलायची." राधानगर आणि राधानगरी यांतला फरक समजावण्यात पावसाळ्याचे दोन महिने गेले. अजूनही काकूंना आतून वाटतं की नाना फसवले जातायत.

पण त्या बेटावर किनाऱ्यांना नंबर असतात, आणि राधानगरचा नंबर सात, हे कळलं त्या दिवशी नानांचा चेहरा बघायला हवा होता. तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. समुद्राला फलाट! इतकी शिस्त त्यांनी देवळातसुद्धा पाहिली नव्हती.

नुसत्या कागदावर भागवणाऱ्यातले नाना नव्हेत. सराव हवा. बोट लागते असं ऐकलं होतं, म्हणून ते काकूंना तापोळ्याला घेऊन गेले आणि कोयनेच्या फुगवट्यावर तासभर नावेत बसवलं. पाणी ताटात वाढल्यासारखं स्थिर. काकूंनी शेंगा खाल्ल्या, कोयना माईला हळदकुंकू वाहिलं आणि डुलकी काढली. फायलीत नोंद आहे: 'प्रयोग निष्फळ. लाटा अनुपलब्ध.' मग त्यांनी कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाणाऱ्या गाडीत शेवटच्या बाकावर स्वतःला आणि काकूंना बसवलं, तोंडात आल्याचा तुकडा ठेवून. हा प्रयोग यशस्वी झाला. म्हणजे लागली. नानांना.

दुसरा सराव सूर्याचा. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्याकडे तेव्हा दुपारच्या चहाचं आधण असतं. "दिवस तासभर आधी सुटतो आणि तासभर आधी डेपोत जातो," असं नाना समजावतात. शरीराला सवय व्हावी म्हणून एका डिसेंबरात ते साडेचारला उठू लागले आणि संध्याकाळी सहाला जेवू लागले. रात्री नऊ वाजता जिन्यात पुन्हा भुकेलेला माणूस फिरताना दिसायचा. आमच्याकडे दोनदा पोहे झाले.

पाऊस म्हणाल तर तिथे दोन्ही मोसमी वारे पाऊस आणतात. मे-जूनपासून एक, तो ओसरतोय तोवर ईशान्येकडून दुसरा. त्यामुळे जायचं ते डिसेंबर ते एप्रिल. प्रवाळ, शंख उचलून आणायला मनाई, खारफुटीच्या कडेला मगरी असतात म्हणून पाटी वाचल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, बाराटांगला जाताना जारवांच्या जंगलातून गाड्या ताफ्यानेच सोडतात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. हा ताफ्याचा नियम नानांना इतका आवडला की त्यांनी त्याच्याभोवती चौकट काढलीय.

आणि खोबरं. काकूंनी प्रवासासाठी लसणीची चटणी करायची म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणून ठेवल्या. नानांनी विमानाचा नियम वाचून दाखवला: सुकं खोबरं तेलकट, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून न्यायला बंदी. काकूंनी दोन मिनिटं त्या वाटीकडे पाहिलं. "मी रोज गॅसशेजारी ठेवते," म्हणाल्या. त्यानंतर आठवडाभर त्या खोबऱ्याच्या डब्याला जरा वचकून होत्या.

एवढी तयारी, मग गेले का नाहीत? एका वर्षी लेकीचं बाळंतपण. मग करोना. मग नानांचा गुडघा. हे सगळं खरं आहे. पण मी एकदा खोदून विचारलं तेव्हा नाना खिडकीमागून बोलल्यासारखे म्हणाले, "गाडी सोडणाऱ्याने गाडीत बसायचं नसतं रे. बसला, तर मागची कोण सोडणार?" आणि स्वतःच हसले. एकदाच हसले, दोनदा नाही. म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

तोवर फाइल मात्र फिरायला लागली होती. आधी दुसऱ्या मजल्यावरचे गेले, मग समोरचे, मग तळमजल्यावरचे नवीन लग्न झालेले. गेल्या जानेवारीत आम्ही गेलो. मी पोस्टात, एलटीसीवर अंदमानला विमानाने जायची खास सवलत असते, ती नानांनीच मला सांगितली. माझ्याच खात्याची सवलत, मला माहीत नव्हती. निघताना नानांनी फाइल हातात दिली आणि खालपर्यंत पोचवायला आले. रिक्षा सुटताना त्यांनी बॉनेटवर दोन थापा मारल्या.

तिथे फाइल अक्षरशः चालली. कुठल्या बाजूने चढायचं, कुठे रांग लागते, शहाळं कुठल्या वळणावर घ्यायचं. प्रत्येक ठिकाणाला मिनिटं ठरवून दिलेली. फक्त सेल्युलर जेलच्या पानावर मिनिटं नव्हती. १८९६ ते १९०६ बांधकाम, सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, त्यांतल्या तीन उरल्या, एकीच्या पाठीला दुसरीचं तोंड, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. सावरकरांना १९११ साली आणलं, त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला. हे सगळं लिहून खाली: 'वेळ: लागेल तेवढा.' आम्हाला दीड तास लागला. मुलगी कोठडीत हात पसरून भिंती मोजत होती आणि काही बोलत नव्हती.

परत आल्यावर माझी चौकशी झाली. नाना पेन घेऊनच बसले.

"राधानगरला सूर्यास्त?"

"पाहिला ना. साडेपाचच्या आसपास असेल."

"असेल? घड्याळ नव्हतं नेलं?"

मी गप्प.

"शहीद द्वीपावरचा दगडी पूल?"

तो नैसर्गिक पूल, तिथले लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात. तिथे ओहोटीलाच चालत जाता येतं. फाइलीत वेळ दिली होती. पण त्या दिवशी पुऱ्या गरम होत्या आणि आम्ही नाश्त्याला बसलो. पोचलो तेव्हा भरती. पूल लांबून पाहिला.

नानांनी पेन खाली ठेवलं. "समुद्र वेळेवर आला होता," म्हणाले. "प्रवासी उशिरा आले." आणि तसंच लिहिलं.

मग त्यांनी फाइल तपासायला घेतली. सेल्युलर जेलच्या पानाला चहाचा डाग, त्याबद्दल काही बोलले नाहीत. पान उलटलं तसे प्लास्टिकच्या पाकिटातून पांढरे कण टेबलावर सांडले. सात नंबरची वाळू. मुलीने फाइल किनाऱ्यावर उशाला घेतली होती.

नानांनी भिंग आणलं. बराच वेळ वाकून पाहिलं. बोटाने एक कण वेगळा केला, पुन्हा पाहिला. काकू पदर खोचून आल्या, फडकं घेऊन, "पुसते." नानांनी त्यांचा हात धरला.

"थांब. यात प्रवाळाचा चुरा आहे. प्रवाळ. तिथून हलवायला परवानगी नाही."

"मग काय करायचं?" मी विचारलं.

त्यांनी कण न् कण कागदावर गोळा केला, होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरला, बूच लावलं आणि हिरव्या शाईत चिठ्ठी चिकटवली: 'परत करणे.' मग आधी फायलीकडे, मग काकूंकडे पाहिलं, आणि चिपळूणच्या घाटात लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"कुरियर करा," काकू म्हणाल्या.

"कुरियरवाला सात नंबरला जाऊन ओतणार आहे का?"

काकूंनी यावर बराच विचार केला. मग आत जाऊन लसणीची चटणी कशी करायची याचा पत्ता लावला. शेंगदाण्याची होते, खोबऱ्याशिवाय.

दोन तिकिटं निघाली आहेत, पुण्याहून चेन्नई, चेन्नईहून पुढे, येत्या जानेवारीची. तेव्हा ज्यांना फाइल हवी असेल त्यांनी फेब्रुवारीनंतर यावं. जानेवारीत ती मिळणार नाही, जानेवारीत ती मिळणार नाही.