सरकारी छाती

झाडाची उंची मोजणं म्हणजे मान मोडून घेण्याचं काम. घेराचं सोपं असतं : टेप गुंडाळला, ३.१४ ने भागलं, व्यास हातात. उंचीसाठी मात्र लांब जाऊन, कोन मोजायच्या यंत्रातून शेंडा शोधायचा, आणि दाट रानात तो शेंडा हमखास शेजारच्या झाडाचा निघतो. म्हणून वनशास्त्राने तोडगा काढला. घेर सगळ्यांचा मोजा, उंची मोजक्यांची, उरलेल्यांची घेरावरून सूत्राने काढा. आळसाला इतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कुठल्या शास्त्राने दिली असेलसं वाटत नाही.

माझा भाचा दापोलीला वनशास्त्र शिकतो आणि सुट्टीत मला टेपचं टोक धरायला लावतो. "मामा, छातीच्या उंचीवर धरा." मी धरलं. "तुमच्या नाही हो, सरकारी छातीच्या!" ही छाती भारतात १.३७ मीटरवर असते, युरोपात १.३ वर. माणसं आपल्यापेक्षा उंच आणि छाती सात सेंटिमीटर खाली, हे कोडं मी अजून कुणाला घातलेलं नाही.

सूत्राची सुरुवातही १.३७ पासूनच. म्हणजे शून्य व्यासाचं झाड १.३७ मीटर उंच! मी हसलो. भाचा म्हणाला, "रोपाचा शेंडा त्या उंचीला नुकता टेकला, तर तिथे जाडी कुठून येणार?" निरुत्तर झालो.

पुढे आलेखाची रेषा आधी झपाझप चढते, मग आडवी होत जाते. दाटीतला साग उजेडासाठी किडकिडीत उंच होतो, बांधावरचा ऐसपैस पसरतो. त्यामुळे या रानाचं सूत्र त्या रानाला लागत नाही. उंचीला मर्यादाही असतेच. १८८१ साली ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने हिशेब मांडला, की खोड स्वतःच्या भाराने लवायला नको असेल, तर व्यास आठपट झाला तरी उंची चौपटीपुढे नेता येत नाही. पुढे १९७३ मध्ये मॅकमहन या संशोधकाने पाहिलं, तर झाडं साधारण त्या मर्यादेच्या पावाइतकीच वाढतात. कर्ज काढताना इतका सावधपणा आमच्या घराण्यात कुणी दाखवला नाही.

मग भाचा आमच्या पोफळींकडे वळला. पोफळीच्या खोडात घेर वाढवणारा थरच नसतो. सुरुवातीला झाली ती जाडी, पुढे नुसती उंची. कौलांच्या उंचीची पोफळ आणि आभाळाला भिडलेली पोफळ, दोघींचा घेर जवळजवळ सारखाच. सूत्राने दोघींना एकच उंची दिली.

ओटीवरून आई म्हणाली, "सुपारी पाडायला येतो त्या गड्याला विचार. तो उंची बघूनच पैसे सांगतो."