मत कुठे कामाला येतं?

"काकू, आली का हो तुमच्याकडे मतपत्रिका?" 2024 च्या निवडणुकीआधी वहिनींनी कुंपणावरून मान वर काढली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमधली लाकडी कुंपणं चांगली उंच, पण वहिनी पलीकडे कुंडी पालथी घालून तिच्यावर उभ्या राहतात. त्यामुळे आमचं रोजचं काही अडत नाही.

"आली की. लेकाची आली, सुनेची आली. मला कोण देणार? मी पाहुणी. पण अहो, मला वाटलं दोन नावं असतील, कमला हॅरिस नि ट्रम्प, एकावर खूण केली की सुटलो. इथे कागदांवर कागद! राष्ट्राध्यक्ष, खासदार, शाळेचं मंडळ, आणि वर दहा प्रश्न. चोरीची शिक्षा वाढवायची का? किमान वेतन ताशी 18 डॉलर करायचं का? घरभाड्याला गावाने लगाम घालायचा का? हे लोकांना विचारतात?"

"विचारतात म्हणजे काय, लोकांनी होय म्हटलं की कायदाच होतो. यंदा दहाच आहेत हो. 2016 ला सतरा होते, माहितीपुस्तक दोनशे पानांच्या वर. आमच्या ह्यांनी ते उशाला घेतलं होतं."

"आणि राष्ट्राध्यक्षाचं?"

वहिनींनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. जणू शेजारच्या पोरीचं लग्न मोडल्याची बातमी. "तिथे आमचं मत असून नसून सारखं."

"अगं बाई!"

"खरंच. त्याला आम्ही थेट निवडतच नाही. प्रत्येक राज्याला राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी ठरलेले. सगळे मिळून 538, ज्याला 270 मिळाले तो जिंकला. कॅलिफोर्नियाचे 54. इथे ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात सगळे 54. मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे हाच खाक्या. आणि 1992 पासून इथे दरवेळी डेमोक्रॅटच जिंकतो. मग उमेदवार इकडे कशाला फिरकतील? आले तर देणग्या गोळा करायला. सभा सगळ्या पेनसिल्व्हेनियासारख्या अटीतटीच्या राज्यांत."

"पण जास्त मतं ज्याला, तोच जिंकणार ना शेवटी?"

"तेच तर! 2016 ला हिलरी क्लिंटनना देशभरात 28 लाखांहून जास्त मतं होती ट्रम्पपेक्षा. एकट्या कॅलिफोर्नियात चाळीस लाखांच्या वर आघाडी. काय उपयोग? 54 काय नि 55 काय, तेवढेच मिळणार. आणि 2000 साली फ्लोरिडात 537 मतांनी सगळ्या देशाचा निकाल फिरला. अल गोरना देशात जास्त मतं, राष्ट्राध्यक्ष झाले बुश."

मी म्हटलं, आपले राष्ट्रपतीही आमदार-खासदारच निवडतात. वहिनी म्हणाल्या, "हो, पण त्यांच्यासाठी कोणी वर्षभर गल्लोगल्ली प्रचार करत नाही, आणि कारभारही त्यांच्या हातात नसतो." ते खरंच.

"मग ते दहा प्रश्न?"

"ते थेट. एकेक मत मोलाचं. 1911 साली इथे हायरम जॉन्सन गव्हर्नर होते. तेव्हा रेल्वे कंपनीने अख्खं विधिमंडळ खिशात घातलेलं. म्हणून त्यांनी लोकांच्या हातात हत्यार दिलं: सह्या जमवा, प्रश्न मतपत्रिकेवर आणा, नको झालेल्या पुढाऱ्याला मध्येच घरी पाठवा. 2003 ला त्यातूनच नट श्वार्झनेगर गव्हर्नर झाला. त्या वेळी 135 उमेदवार होते, नाव शोधता शोधता डोळे दुखले."

"छानच आहे की!"

"छान कसलं! सह्या गोळा करणारी पोरं पैसे घेऊन दुकानाच्या दारात उभी असतात. 2020 ला उबर आणि तिच्या जोडीच्या कंपन्यांनी वीस कोटी डॉलरच्या आसपास ओतले, ड्रायव्हरांना नोकरदार मानायचं नाही म्हणून. जिंकल्या. रेल्वेला हटवायचं हत्यार उबरने उचललं. आणि डायलिसिस केंद्रांबद्दलचे प्रश्न 2018, 2020, 2022, तीनदा आले, तीनदा पडले. तिथे डॉक्टर किती वेळ हजर हवा ते मी ठरवायचं? मी बी.ए. मराठी!"

मला आपल्याकडची बाटली आठवली. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर मतपत्रिकेवर उभी बाटली, आडवी बाटली. पुरेशी मतं आडवीला पडली की दुकानाला कुलूप. पण तिथे बाईला प्रश्न समजावून सांगावा लागत नाही, नवरा रोज रात्री समजावतो.

"बरं, तुमचा घरपट्टीचा आकडा केवढा आहे हो?" मी सहज विचारलं. लेकाचं बिल बघून माझी झोप उडाली होती.

वहिनी कुंडीवरून उतरायच्या बेतात. मग हळूच आकडा सांगितला. लेकाच्या एक-पंचमांशही नाही!

"मतपत्रिकेवरचा तेरा नंबरचा प्रश्न," त्या म्हणाल्या. "1978. घर घेताना जी किंमत, तिच्यावर साधारण एक टक्का, आणि ती किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढवायची. आम्ही 84 साली घेतलं. तुमच्या लेकाने परवा."

"रस्ता तोच, कचऱ्याची गाडी तीच!"

"कोर्टात गेले होते लोक. 1992 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, चालतं. अन्याय आहे, कळतं मला. पण उद्या कोणी ते काढायला निघालं तर विरोधात पहिलं मत माझं."

मला पटलं. थेट लोकशाहीत घर असलेल्याने घर नसलेल्याचा, नि आधी आलेल्याने मागून आलेल्याचा विचार करायचा म्हटलं तर तो होत नाही. विधिमंडळातही होत नाही म्हणा, पण तिथे निदान शिव्या घालायला माणूस असतो.

"लेकाला सांगा," वहिनी उतरता उतरता म्हणाल्या, "वरच्या दोन नावांवर रात्र रात्र वाद घालू नको. आधी ते दहा वाच, तिथे तुझं मत कामाला येतं. आणि पाकिटावर सही कर. बिनसहीचं मत मोजत नाहीत."