उलाळ

बायकोचं म्हणणं असं की, अमेरिकेहून माणसं चॉकलेटं आणतात, फार तर बदाम आणतात. मी एक कल्पना आणली, आणि ती घरात मावेना म्हणून अंगणात ठेवली.

ही कल्पना बारा फूट लांब आहे. तिला दोन चाकं, दोन खिडक्या आणि एक दार आहे. दार उघडतं. बंद होत नाही.

आमच्या तालुक्यात ओढणारं कोण आणि ओढलं जाणारं कोण, हा घोळ तसा जुनाच. तालुक्याचं नाव केळापूर, तहसील कचेरी मात्र पांढरकवड्याला. बाजार, बसस्टँड, वकील, जिनिंग सगळं पांढरकवड्यात आणि सातबाऱ्यावर नाव केळापूरचं. म्हणजे आमच्याकडे मागचा डबा पुढच्या इंजिनाला आपलं नाव देऊन निवांत बसलेला आहे, जगदंबेच्या देवळाजवळ. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला गाडीमागे घर जोडायची हौस उशिरा सुटली, हेच खरं तर नवल.

हौस सुटली ती पुतण्याकडे, डेन्व्हरला. त्याच्याकडे टोयोटा टकोमा नावाचा पिकअप आहे. तिकडे त्याला मध्यम आकाराचा म्हणतात. आमच्या गल्लीत शिरला तर हा मध्यम दोन ओटे आणि एक तुळशीवृंदावन पाडूनच बाहेर पडेल. सुट्टी आली की पुतण्या त्याच्यामागे एक घर जोडतो. पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, सगळं त्यात. आणि दीडशे मैलांवर जाऊन त्या घराच्या बाहेर खुर्ची टाकून बसतो. घरासमोर खुर्ची टाकून आम्ही पांढरकवड्यातही बसतो, पण त्यासाठी घर न्यावं लागत नाही, हे मी बोललो नाही. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं.

निघण्याआधी तो मला ट्रकवाल्यांच्या थांब्यावर, काट्यावर घेऊन गेला. मी उतरायला लागलो तर म्हणाला, “काकाजी, बसून राहा. तुमचंही धरायचं आहे.” मग त्यानं समजावलं. ही गाडी ओढते भरपूर, तीन टनांच्या आसपास. पण अंगावर घेते थोडं. ट्रेलरच्या नाकाचा जो भार हुकावर पडतो तो या अंगावरच्या हिशोबात धरायचा, आणि त्याच हिशोबात माणसं, कुत्रा, लाकडं, बर्फाची पेटी. कर्ज मिळतं किती आणि फेडवतं किती, यातला फरक वऱ्हाडातल्या माणसाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. मी लगेच मान डोलावली. पावती बाहेर आली. पुतण्यानं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “लाकडं तिकडेच विकत घेऊ.”

लाकडांच्या जागी मी आलो होतो. तरी अपमान गिळून मी त्याचं पुढचं वाक्य वहीत उतरवून घेतलं: ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के नाकावर हवं. त्याहून कमी पडलं की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि मग ते शेपूटच पुढच्या गाडीला हलवतं. वहीत उतरवलं म्हणतो मी! ज्याचं अर्धं बालपण बंडीवर गेलं त्यानं!

आता बंडी निघालीच आहे तर थोडं बसतो. संपादक रागावतील, पण बंडीवर बसलेल्या माणसाला घाई करता येत नाही.

बंडी भरणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पोती कशीही टाकली आणि मागचा भार जास्त झाला की बंडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, जोतं बैलाच्या गळ्याला लागतं, आणि चढावर तर बिचाऱ्याला फासच. पुढचा भार जास्त झाला तर तेच जू मानेवर बसतं आणि खांदा सुजतो. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते. ती जागा टक्क्यांत कुणाला ठाऊक नव्हती. आमचे सालदार भरलेल्या बंडीचं जू एका हातानं उचलून बघत आणि म्हणत, “एक पोतं समोर घ्या.” झालं. काटा नाही, पावती नाही. बरं, भार एकदा बसला म्हणून बसलेलाच राहतो असंही नाही. चढ आला की धुरकरी पुढे सरकतो, उतार आला की मागे. तो बसलेला दिसतो, पण असतो कामावर. आणि धुरकऱ्याचं वजन पुरलं नाही, तर बंडीतली पोरं.

ती पोरं म्हणजे आम्ही. नाल्याचा चढ आला की बाबा मागे न बघता हाक मारत, “ये बापू, माझ्यापाशी ये.” मी कापसावरून घसरत जाऊन त्यांच्या पाठीला चिकटून बसे. चार भावंडांत बाबा मलाच जवळ बोलावतात, याचा मला केवढा गर्व! मोठेपणीही भावांशी वाटणीवरून वाजलं की हा मुद्दा मी मनात वर काढत असे. डेन्व्हरच्या त्या काट्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मला पहिल्यांदा उमजलं की चौघांत सगळ्यात जाड मी होतो.

असो. परत आलो. माझ्याकडे बोलेरो कॅम्पर आहे. पुढे दोन रांगा बसायला, मागे डाला. तिच्या नावातच कॅम्पर म्हटल्यावर माझ्या लेखी अर्धं काम झालेलं होतं. शिवाय २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलेलं. म्हणजे सरकार आणि मी एकाच दिशेनं विचार करत होतो, असा योग वारंवार येत नाही. ट्रॉल्या बनवणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं माझं चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं.

“याच्यात का भरनार? कापूस का तूर?”

“माणसं.”

“मेंढ्याइसाठी बनवली हाय,” तो बराच वेळ विचार करून म्हणाला. “मानसाइसाठी नाही बनवली.”

पण बनवली. चहाच्या टपरीवर मी जाहीर केलं की पहिल्याच वर्षी हजार किलोमीटर मारणार. तिथं एक मास्तर बसलेले असतात. ते म्हणाले, “टिपेश्वरचा वाघ तेराशे चालला.” खरंच आहे ते. २०१९ मध्ये आमच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ, ज्याला पुढे वॉकर हे नाव पडलं, तेलंगणातही डोकावून, शेतं, ओढे, रस्ते ओलांडत १३०० किलोमीटरहून जास्त चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन थांबला. गळ्यात रेडिओ कॉलर, बाकी सामान काही नाही. फ्रीज नाही, शेगडी नाही, पुतण्या नाही. त्या दिवसापासून टपरीवर माझं नाव वॉकर पडलं आहे. मी चालत नाही म्हणून.

नोंदणीचं विचाराल, तर मागच्या डब्याला स्वतःचा नंबर लागतो, साध्या ट्रॉलीलाही लागतो. तो मिळायचा होता. त्यामुळे कायद्याच्या भाषेत त्या दिवशी मी कुठेही गेलो नाही. प्रत्यक्षात मी केळापूरला देवीपुढे नारळ फोडला आणि शेताच्या दिशेनं निघालो. बायको शेजारी. मागच्या रांगेत ते जुने सालदार. आता ऐंशीच्या घरात, पण ‘शेतात चाललो’ म्हटलं की पटका बांधून तयार. डब्याच्या मागच्या भिंतीला मी पाण्याची टाकी बसवली होती, कारण मागूनच नळ छान दिसत होता. टाकीशेजारी कूलर. कूलरशेजारी, जातोच आहे तर म्हणून, गाईसाठी ढेपेची दोन पोती.

पन्नासच्या वर काटा गेला आणि मागून कुणीतरी गाडीचा सदरा ओढल्यासारखं झालं. मग दुसऱ्या बाजूनं. आरशात माझं घर एकदा डावीकडून दिसे, एकदा उजवीकडून. पुतण्यानं सांगितलं होतं, अशा वेळी करकचून ब्रेक दाबायचा नाही, पाय हळूच उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. मी वही आठवत होतो; बायको जगदंबेला आठवत होती. दोघांपैकी कुणाचा तरी उपयोग झाला आणि गाडी बाभळीपाशी थांबली.

सालदार उतरले. डब्याला फेरी मारली. हुकाशी वाकले, नाकाखाली हात घातला आणि ते एवढं लोखंड एका हातानं जरासं उचलून बघितलं. जरासं उचललं गेलं, हीच भानगड होती.

“बंडी उलाय भरली तुमी,” ते म्हणाले. आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो, तसा उलाळचा उलाय.

मी त्यांना दहा ते पंधरा टक्क्यांचं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण ते दार उघडून आत गेले होते. टाकीचा नळ सोडून दिला, दोन्ही पोती ओढत पुढच्या खिडकीखाली आणली, आणि ‘मी याच्यातच बसतो’ म्हणून त्या पोत्यांवर बसले. पुढचा सगळा रस्ता घर मुकाट्यानं मागून आलं. आरशात खिडकी, आणि खिडकीत पटका. चढ आला की पटका काचेला चिकटे. उतारावर दिसेनासा होई.

शेताच्या फाटकातून डबा उलटा आत घालायचा होता. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की डबा उजवीकडे जातो, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि येणं यातलं अंतर मी पाऊण तासात चार वेळा कापलं. प्रत्येक वेळी गाडी आणि घर एकमेकांना काटकोनात, रुसलेल्या नवराबायकोसारखे. शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टरवाला पोरगा आला. वय वीस, गालात खर्रा. “उतरा काकाजी,” एवढंच बोलला. जास्त बोलता येण्यासारखं तोंड रिकामं नव्हतं. एका हातानं, मागे मान वळवून, त्यानं तो डबा दोन खांबांमधून असा नेला की सुईत दोरा. मग पिचकारी टाकून म्हणाला, “याच्यात शेया मस्त राहतीन.”

बायकोनं गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. ते सगळं उत्तम झालं. कारण त्यात माझा हात नव्हता.

आणि मग झोपायला आत गेलो. मे महिना, दिवसभर चव्वेचाळीस अंश खाल्लेला पत्रा, दोन खिडक्या. कूलरला पाणी नाही, कारण टाकी बाभळीला घातली होती. अर्ध्या तासात मी बाहेर आलो, इकडंतिकडं पाहिलं, आणि अंथरूण घेऊन डब्याच्या खाली शिरलो. दोन चाकांच्या मध्ये.

पाठ जमिनीला टेकली आणि मला ती जागा ओळखीची वाटली.

१९७२ पासून आमच्याकडे कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस घालायचा तो सरकारी केंद्रावरच. हंगामात बंड्यांची रांग लागे, बंडीमागे बंडी. रांग हलली तर चार हात हलायची. बाबांबरोबर मी एकदा तीन रात्री रांगेत काढल्या. बैल सोडून चाकाला बांधलेले, तीन दगडांची चूल, चून-भाकर, वर कापूस, खाली आम्ही. मला ती सहल वाटली होती. बाबांना झोप लागत नाही, हे मला दिसत होतं, पण ते जागे आहेत ते कापूस चोरीला जाईल म्हणून, असं मी समजत होतो. चौथ्या दिवशी कुणीतरी मूठभर कापूस ओढून बघितला आणि एक शब्द बोलला. त्या एका शब्दावर वर्ष ठरलं. परतीच्या वाटेवर बंडी रिकामी होती, सांभाळायला भार नव्हता, चढही नव्हता. तरी बाबा म्हणाले, “ये बापू, माझ्यापाशी ये.”

आता बंड्या गेल्या, त्यांच्या जागी ट्रॅक्टर आणि पिकअप आहेत. रांग आहे. मुठीच्या जागी ओलावा मोजायचं यंत्र आहे, आठ ते बारा टक्के. बाराच्या वर गेलं की सरकारी भाव नाही, गाडी वळवा. उघड्यावर दोन रात्री दंव खाल्लेला कापूस कोरडा कसा राहील, हे त्या यंत्राला विचारायची सोय नसते. पुतण्याच्या टक्क्यांवर मी वही भरली. हे टक्के ज्यांना रात्रभर जागवतात, ती माणसं आजही गाडीखालीच झोपतात, आणि त्यासाठी कुणाचं पर्यटन धोरण लागत नाही. मला एकदम राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून कुशीवर वळलो तर डोकं आकाला आपटलं.

पलीकडच्या चाकापाशी सालदार आधीपासून झोपलेले होते. ते झोपेतच म्हणाले, “लहानपणीबी आपटत होता.”

सकाळी पुतण्याचा फोन आला. तिकडे रात्र होती, तो मजेत होता.

“कसं झालं कॅम्पिंग, काकाजी?”

“छान. रांग नव्हती.”

त्याला ते कळलं नाही. त्यानं त्याला कळणारं विचारलं, “आणि नाकावर भार किती ठेवला होता?”

मी डब्याच्या खिडकीकडे पाहिलं.

“एक बुढा,” मी म्हणालो, “आणि ढेपेची दोन पोती.”