बजेट पाच हजार

खान्देशात प्रत्येक गल्लीत एक नाना असतात. कुठे त्यांना आबा म्हणतात, कुठे आप्पा, पण लक्षण एकच: नीट चालणारी वस्तू त्यांना बघवत नाही. पंखा फिरतोय ना? मग तो उलटा फिरला तर हिवाळ्यात काय होईल, हे त्यांना बघायचं असतं. आपले नाना जळगावचे. राहायला पिंप्राळ्यात, नोकरी एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये, म्हणजे गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. इतकी वर्षं हे अंतर त्यांनी काळ्या, रॉड ब्रेकच्या सायकलीवर कापलं आणि गुडघ्यांनीही कधी तक्रार केली नाही.

सायकलीला मोटार लावायचं त्यांच्या डोक्यात कधी शिरलं, यावर घरात एकमत नाही. नाना म्हणतात, 2021 साली पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा. नानी म्हणतात, मिलमधला हाताखालचा पोरगा स्कूटर घेऊन यांच्या शेजारून हॉर्न वाजवत गेला तेव्हा. काही असो, बजेट ठरलं पाच हजार. ते आजही पाच हजारच आहे.

पहिला अवतार पेट्रोलचा. धरणगावच्या शालकाकडे कपाशीवर फवारणी करायचा, पाठीवर घ्यायचा पंप होता. नानांनी तो 'दोन दिवसांसाठी' आणला, टाकी शालकाला परत पाठवली आणि इंजिन ठेवून घेतलं. मागच्या चाकावर पट्टी ठोकून ते बसवलं, इंजिनाच्या दांड्याला लोखंडी रोलर लावला आणि रोलर टायरवर दाबून धरायला स्प्रिंग. रोलर फिरला की टायर फिरणार. ही युक्ती आपणच काढली असं ते सांगत. पुण्याच्या भाच्यानं फोनवर दाखवलं की फ्रान्समध्ये 1946 पासून वेलोसोलेक्स नावाची गाडी पुढच्या चाकावर रोलर टेकवूनच चालायची. नाना म्हणाले, "पुढच्या चाकावर! तिथेच चुकले ते."

पहिल्या दिवशी संध्याकाळी नाना गल्लीत शिरले, तेव्हा मनपाचा डास मारायचा धूरवाला आला असं समजून बायकांनी भराभर खिडक्या लावल्या, कुणी पाण्याच्या माठावर झाकण ठेवलं, आणि पोरं परंपरेप्रमाणे धुरामागे पळत सुटली. नानांना तो सत्कार वाटला. पण रोलरनं टायरचे काटे खाऊन टाकले आणि मृगाच्या पहिल्या सरीत तो ओल्या टायरवर नुसताच गरगरू लागला. आवाज महामार्गाचा, वेग बैलगाडीचा.

त्यात कायदा आडवा आला. मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला 'मोटार वाहन' धरत नाहीत. म्हणजे नंबरप्लेट नको, लायसन नको. शालकाचा पंप 26 सीसीचा. एका सीसीसाठी एमएच 19 ची पाटी लावायची? नानांचं म्हणणं, इतकी वर्षं वापरून इंजिन झिजलंय, एखादा सीसी कमी झालाच असेल. कुणीतरी सांगितलं की सिलिंडर झिजला तर आतून मोठा होतो, सीसी वाढतात. त्या दिवसापासून नाना विजेकडे वळले.

विजेच्या अवतारात मोटार आली 24 व्होल्टची, 250 वॅटची. बॅटऱ्या दोन, कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेल्या यूपीएसच्या. मोटारीचं दातेरी चाक मागच्या चाकाला जोडायचं, तर वेल्डिंगसाठी थेट धुळं गाठलं. जळगावात वेल्डिंगवाले नाहीत असं नाही, पण धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग भेटतात. ट्रकांच्या गॅरेजांत वाढलेल्या धुळ्याच्या मिस्तरीचा हात वेगळा, असं नानांचं मत. नव्वद किलोमीटर एसटीनं जायचं, मांडीवर चाक घेऊन. कंडक्टरनं चाकाचं तिकीट मागितलं नाही, ही बचत त्यांनी वहीत जमेच्या बाजूला लिहिली.

या वहीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नानांचा खरा शोध मोटार नव्हे, हिशेब आहे. घरात होतं ते फुकट. शालकाचं ते घरचंच. बिघडलेल्या पहिल्या कंट्रोलरचे पैसे 'शिक्षण' या खात्यात, ते गाडीत धरायचे नाहीत. धुळ्याचं जाणं-येणं 'नातेवाइकांची भेट'. असं करत करत गाडी कायम चार हजार आठशेच्या आसपास राहते आणि दोनशे रुपये शिल्लक दिसतात. ते दोनशे आजवर कुणी पाहिलेले नाहीत. चार्जिंगचा हिशेब मात्र खरा आहे. दोन बॅटऱ्या, 12 व्होल्ट 12 ॲम्पियर-तासाच्या, म्हणजे पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज, चार्जरचं नुकसान धरूनही तीन-चार रुपयांचं काम. एवढ्यात एमआयडीसीला जाता येतं. परत यायचं असेल तर पायडल आहेतच. फक्त आता सायकल बॅटऱ्या आणि मोटारीसकट दहा किलोनं वजनदार झालेली असते.

धुळ्यातही एक नाना आहेत, हे त्या फेऱ्यांत कळलं. दोघांचं मूळ एक, पंथ वेगळे. जळगावचे नाना प्लास्टिकपंथी. ठिबकच्या आणि पाण्याच्या पाइपांच्या या गावात पीव्हीसीचा तुकडा कुणाच्या अडगळीत नसेल? बॅटऱ्या पाइपात, वायर पाइपात, लंचचा डबाही पाइपात, आणि सीटवर जळगावची प्लास्टिकची चटई कापून शिवलेलं कव्हर. धुळ्याचे नाना लोहपंथी. त्यांच्या सायकलीला ट्रकचा पाटा आणि दोन इंची अँगल. पारोळ्याच्या एका लग्नात दोघं मांडवाबाहेर समोरासमोर आले. धुळ्याच्या नानांनी चष्मा सरळ केला. "सायकलले नळ लाया का काय भो?" जळगावच्या नानांनी अँगलवर टिचकी मारली. "अन् तुमी भो, रेल्वेचा रूळ उचलून आणला का?" अक्षता पडल्या, पंगती उठल्या, शेवभाजी संपली. हे दोघं मोटार डावीकडे बसवावी की उजवीकडे यावर बोलत होते. शेवटी इंजिनिअर विश्वेश्वरय्यांचा विषय निघाला. तरुणपणी सरकारी नोकरीत असताना त्यांनी पांझरेवर दातर्तीला सायफन बांधला, तेव्हा इंजिनिअरिंग मुळात धुळ्याचं, असा धुळ्याच्या नानांचा दावा. जळगावच्या नानांनी विचारलं, "सायफन म्हणजे शेवटी पाइपच ना?" वाद तिथे मिटला.

मे महिना आला की नानांच्या घरात गाडीला माणसापेक्षा जास्त भाव येतो. जळगावला पारा 45 च्या वर जातो आणि लेड-ॲसिड बॅटरी उन्हात लवकर म्हातारी होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. म्हणून बॅटऱ्या कूलरसमोर आणि घरचे लोक गच्चीवर. नानी पाहुण्यांना सांगतात, "खाली त्या दोघी झोपल्या आहेत, हळू बोला."

कायद्याची नानांची तयारी आता पक्की आहे. 250 वॅटपेक्षा कमी आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीची गाडी मोटार वाहन ठरत नाही, या नियमाची झेरॉक्स त्यांनी लॅमिनेट करून हँडलला बांधली आहे. मोटारीवर बरोब्बर 250 छापलंय आणि नियमात 'पेक्षा कमी' आहे, हे दाखवलं तर म्हणतात, "छापतात 250, देते 240." ही सूट मिळायला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेची तपासणी लागते, असंही त्याच नियमात आहे. झेरॉक्सचा कागद नेमका तिथे दुमडलेला आहे. दुःख एवढंच की कुणी अडवत नाही. इच्छादेवी चौकात पोलीस उभा दिसला की नाना वेग कमी करतात, खाकरतात, झेरॉक्स त्याच्याकडे वळवतात. तो मोबाइलमध्ये. नाना चौकाला आणखी एक फेरी मारून येतात.

आता मला नानांबद्दलची एकमेव गंभीर तक्रार सांगायची आहे. पळण्यावर त्यांनी जीव ओवाळला, थांबण्यावर पाच पैसे खर्च केले नाहीत. रॉड ब्रेकचं रबर रिमला आतून घासतं. पायडलच्या वेगाला ते पुरतं. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, आणि पावसात ओल्या लोखंडी रिमवर ते रबर नुसतं हात फिरवतं. यावर नानांचं उत्तर चपलेत आहे. डाव्या चपलेचा तळ उजवीच्या निम्मा उरलाय. चपलांचा खर्चही वहीत नाही, तो 'कपडेलत्ते'.

अहमदनगरला 1972 मध्ये लूना मोपेड निघाली तेव्हा सायकलीला मोटार लावायचा अख्ख्या महाराष्ट्राचा प्रश्न एका कारखान्यानं सोडवून टाकला होता. 2024 मध्ये तीच लूना विजेवर परतही आली. नानांना ती शोरूममध्ये नेऊन दाखवली. त्यांनी वाकून खालून-वरून पाहिली, किंमत ऐकली आणि मान हलवली. "चांगली आहे. पण हिच्यात करण्यासारखं काही शिल्लकच ठेवलेलं नाही."

तुमच्या घराच्या मागे जुनी काळी सायकल गंजत असेल, तर नाना एक दिवस येतीलच, 'दोन दिवसांसाठी' मागायला. देऊन टाका, नाही म्हटलं तरी नेतील. फक्त दोन अटी घाला: आधी दोन्ही चाकांना धड ब्रेक, मगच मोटार, आणि बॅटरीच्या लाल वायरवर वीस ॲम्पियरचा फ्यूज. दोन्हींचे पैसे तुम्हीच द्या, म्हणजे त्यांचं बजेट मोडणार नाही.