चिमणी आणि माळढोक

सोलापूरच्या विकासाला दोन पाखरं आडवी आली. एक चिमणी, दुसरा माळढोक.

चिमणी कुमठ्याची. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची, नव्वदेक मीटर उंच. हिला पंख नाहीत, तरी होटगी रोड विमानतळाच्या विमानांना आडवी. माळढोकाला पंख आहेत, पण तो कुणाला दिसत नाही. न दिसताच त्यानं बोरामणीचं विमानतळ रोखून धरलं. तिथं सुमारे ५५० हेक्टर जमीन घेऊन झाली आणि तीसेक हेक्टर वनजमिनीपाशी घोडं अडलं.

मग शहरात दोन तट पडले. ‘चिमणी पाडा’वाले चक्री उपोषणाला बसले, ‘चिमणी वाचवा’वाले मोर्चाने निघाले. दोन्हीकडे चहा पोचवणाऱ्याचा विकास मात्र निर्विवाद झाला. मी भाबडेपणानं विचारलं, “आणि धुराचं काय?” टपरीवरचे काका म्हणाले, “धूर काय मोजतो बे? उंची मोज!”

मोजली. १५ जून २०२३ रोजी स्फोटकं लावून चिमणी पाडली आणि ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं. पाडायला काही सेकंद, उडायला दोन वर्षं.

माळढोकाचं दुखणं उलटं. १९७९ साली त्याला ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य मिळालं. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठा आल्या. पाखराला हवा होता नुसता गवताचा माळ. पुढं अभयारण्य आक्रसून १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर कालव्याचं पाणी पोचलं तिथं ऊस उभा राहिला. ऊस आला म्हणून कारखाना, कारखाना आला म्हणून चिमणी. म्हणजे दोन्ही पाखरं एकाच घरातली. फक्त एकीनं दुसऱ्याचं घरटं खाल्लं.

याची नोंद सातबाऱ्यावर सापडत नाही. तिथं माळाच्या जमिनीला एकच शब्द आहे: पोटखराब. जिथं ऊस येत नाही ते खराब, आणि खराब ते मोकळं. कुंभारीच्या अशाच मोकळ्या रानात रे नगर या कामगार वसाहतीची ३० हजार घरं ठरली. १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५ हजारांच्या किल्ल्या मिळाल्या. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाला हक्काचं छप्पर मिळालं, यात खोट काढणारा करंटाच. पण ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्याच्या वेशीवर नवं शहर वसवताना पाण्याचा, गटारीचा, झाडांचा नकाशा आधी कुणी मागितला? उपोषण नाही, मोर्चा नाही, चहासुद्धा नाही.

विकास आराखड्याचा मसुदा निघाला की हरकतींसाठी ठरावीक मुदत मिळते. कागद कंटाळवाणा असतो, मान्य. तरी वाचा आणि लिहून द्या. पाया खणताना घेतलेल्या हरकतीला एक अर्ज पुरतो. नव्वद मीटर वर गेल्यावर स्फोटकं लागतात.