इथं ऊन फार

माझी आत्या विणायला लागली ती हौसेनं नव्हे, हिंदी येत नव्हतं म्हणून.

लग्न होऊन ती नाशिकहून धामनोदला गेली तो मे महिना होता. मुंबई-आग्रा रस्त्यानं धुळं, शिरपूर, सेंधवा मागं टाकत खलघाटला नर्मदा ओलांडली की थोड्याच वेळात धामनोद येतं. जिल्हा धार, म्हणजे पवारांचा मुलूख, मराठी माणसाला परका नाही. पण धार वर माळव्याच्या पठारावर, आणि धामनोद खाली निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात, तव्यावर टाकलेल्या भाकरीसारखं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या भाभींनी विचारलं, गाव कसं वाटलं? आत्यानं शाळेत शिकलेलं सगळं हिंदी गोळा केलं, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "अच्छा है भाभीजी, लेकिन यहाँ ऊन बहुत है।"

मराठीत ऊन डोक्यावर असतं, हिंदीत ते मेंढीच्या पाठीवर असतं. भाभी बुचकळ्यात पडल्या. सगळा कापसाचा मुलूख, आणि ही नवी नवरी म्हणते इथं लोकर खूप! बराच विचार करून त्यांनी अर्थ लावला, की मुलीला विणायचा नाद आहे आणि माहेराहून तिनं भरपूर लोकर आणली आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, बाहेर बेचाळीस अंश तापमान असताना, भाभी दहा नंबरच्या सुया घेऊन दारात हजर. आत्याला 'नाही' म्हणता येईल एवढं हिंदी येत नव्हतं. ती बसली.

हिंदीत विणकामाच्या टाक्याला 'फंदा' म्हणतात. आमची आत्या विणकामाच्या फंदात पडली असं मी म्हणतो तेव्हा ते अक्षरशः खरं असतं.

तेव्हापासून ती आयुष्यभर हिंदीत विणत राहिली आणि मराठीत मोजत राहिली. "दो सीधे, दो उलटे" असं पुटपुटत सुई चालायची आणि ओळीच्या शेवटी "एकोणसाठ, साठ" असं यायचं. एकदा मध्येच कुणी दूधवाल्याचा हिशेब विचारला तर तिनं त्याला सत्तावन्न रुपये आणि तीन उलटे टाके सांगितले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायचो. माझं काम लड धरायचं. ज्यांच्या लहानपणी गोळे बांधूनच लोकर आली त्यांना या शिक्षेची कल्पना नाही. दोन्ही हात पुढं करायचे, अंगठे वर, त्यांच्याभोवती लोकरीची लड, आणि समोर बसून आत्या धाग्याचा गुंडा करणार. धागा सुटेल तसे हात डावी-उजवीकडे झुलवायचे. नाक नेमकं तेव्हाच खाजतं. मध्येच भाभी यायच्या आणि दोघींची गोष्ट रंगली की गुंडा थांबायचा; मी मात्र आरतीचं तबक धरल्यासारखा तसाच उभा. आतोबा हे सगळं पाहून म्हणायचे, "त्यापेक्षा खुर्ची उलटी ठेव, तिला खेळायला जायचं नसतं." पण आत्याचं म्हणणं असं, की खुर्चीला ताण कळत नाही. गुंडा सैल हवा. ती चार बोटं आत धरून त्यांच्यावरूनच लोकर गुंडाळायची आणि मग बोटं काढून घ्यायची. घट्ट गुंडाळली तर लोकर ताणून बसते, आणि विणून धुतल्यावर आपल्या मूळ जागी परत येते. स्वेटर आखडतो, अंग आखडत नाही.

सुयांच्या नंबरांचं गणित मला फार उशिरा उमगलं. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर इंग्रजांच्या मापाचे, आणि ते उलटे चालतात. आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची, दहा नंबरची सव्वातीन, बारा नंबरची त्याहून बारीक. आत्या "बॉर्डर बारावर, अंग दहावर" म्हणायची तेव्हा मला वाटायचं, दर्जा उतरतोय.

लोकर निवडणं हा मात्र स्वतंत्र सोहळा होता, आणि तो दुकानदाराच्या संयमाची परीक्षा पाहणारा. आत्या लोकर हातानं बघत नसे. हात काय, भांडी घासून दगड झालेले. ती लोकर गालाला लावायची, मग मानेला, मग माझ्या मानेला. खाजली की परत. मग धाग्याचं टोक उकलून पदर मोजायचे: तीनपदरी बाळाच्या झबल्याला, चारपदरी मोठ्यांना. मग खरी परीक्षा. दुकानाच्या पायरीवर बसून ती काडेपेटी काढायची आणि वीतभर धागा पेटवायची. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती आपणच विझते, आणि राख बोटात चुरली जाते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाशी टणक मणी उरतो. तो मणी दुकानदाराच्या तळहातावर ठेवून आत्या फक्त त्याच्याकडे बघायची. त्या बघण्याला कुठल्याच भाषेची गरज नव्हती.

एवढी पारख असून तिची लोकर दर वेळी कमी पडायची. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण अर्धा किलो लागते, हे तिला पाठ होतं. तरीही दुसरी बाही मनगटाशी आली की गुंडा संपलेला. जास्तीची आणून ठेवणं तिला उधळपट्टी वाटे. मग पुन्हा दुकान, पुन्हा तोच शेडचा नंबर, आणि घरी येऊन पाहावं तर रंग किंचित वेगळा. शेड तीच असली तरी प्रत्येक घाण्याचा रंग निराळा उतरतो. म्हणून वेष्टनावर शेडच्या शेजारी लॉटचा नंबर छापलेला असतो. ज्यानं चकलीचा पहिला आणि तिसरा घाणा शेजारी ठेवून पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आत्याचा त्यावर उपाय होता. नवी लोकर एकदम सुरू करायची नाही. दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन ओळी नवीच्या, असं वीतभर विणायचं. मग जुनी हळूच काढून घ्यायची. डोळ्याला शिवण सापडत नाही. "नव्या सुनेला पहिल्या दिवशी किल्ल्या देतात का?" असं ती म्हणायची. स्वतःच्या सासूबाई जवळपास नाहीत हे पाहून.

आणि इथं मला ऊन नावाच्या गावाबद्दल सांगितलं पाहिजे. नर्मदेपलीकडे, खरगोनच्या पश्चिमेला, निमाडातच हे गाव आहे. परमारांच्या काळातली, अकराव्या-बाराव्या शतकातली देवळं तिथं आहेत, काही जैनांची, काही शंकराची. आतोबा एकदा आम्हाला घेऊन गेले होते. गोष्ट अशी सांगतात, की बल्लाळ नावाच्या राजानं शंभर देवळं, शंभर तळी आणि शंभर विहिरी बांधायचा नवस केला होता. सगळं नव्याण्णवावर अडलं. प्रत्येकात एक उणं राहिलं, म्हणून गावाचं नाव ऊन. आपल्या एकोणीस, एकोणतीसमध्ये जो 'ऊन' लपून बसलेला असतो, तोच हा. आतोबा हे समजावत होते आणि आत्या पडक्या शिखराकडे बघत होती. म्हणाली, "त्याचीही लोकर कमी पडली म्हणायची."

तर ऊन तीन. एक आकाशातलं, एक मेंढीचं, एक उणेपणाचं. धामनोदला तिन्ही मिळतात. पहिल्याबद्दल आत्याची तक्रार शेवटपर्यंत मिटली नाही. थोरले बाजीराव १७४० च्या एप्रिलअखेरीला इथून जवळच, नर्मदेकाठी रावेरखेडीला तापानं गेले, हा तिचा ठेवणीतला पुरावा होता. "एवढ्या लढाया जिंकलेला माणूस! त्याला निमाडचा उन्हाळा निभला नाही, आणि मला म्हणतात पंखा कशाला."

तिसऱ्या उन्हावर, म्हणजे उणेपणावर, इलाज एकच: जोड. गाठ मारून जोडणं हे आत्याच्या लेखी आळशीपणाचं लक्षण होतं. गाठ आतून टोचते आणि नेमक्या वेळी सुटते. भाभींनी तिला खरी युक्ती शिकवली होती. दोन्ही टोकांचे पदर बोटभर उकलायचे, एकमेकांत गुंतवायचे, थोडी थुंकी लावायची आणि दोन तळहातांमध्ये जोरात चोळायचं. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. नमदा याच गुणावर बनतो. ॲक्रिलिकला खवले नाहीत, त्यामुळे त्याला कितीही चोळा. "त्याला थुंकीसुद्धा धरत नाही," हा आत्यानं कृत्रिम धाग्याला दिलेला शेवटचा शाप होता.

आता अडचण अशी, की आत्याच्या सासूबाई सोवळ्याच्या. लोकर ही सोवळ्याला चालणारी वस्तू. त्या स्वयंपाकात धाबळीच नेसायच्या. त्यांना लोकरीचा आदर होता. त्यामुळे सुनेनं विणलेली शाल पांघरून त्या वर्षभर जप करत होत्या. एका दुपारी त्यांनी सुनेला धाग्यावर थुंकताना पाहिलं. त्यानंतर काय झालं ते घरात कुणी सविस्तर सांगत नाही. शाल तीनदा धुतली गेली एवढं नक्की. संध्याकाळी सासूबाईंनी देवघरातून पळी-पंचपात्री आणून आत्याच्या विणकामाच्या टोपलीशेजारी ठेवली. आत नर्मदेचं पाणी. त्या दिवसापासून आमच्या घरातला प्रत्येक स्वेटर, प्रत्येक कानटोपी नर्मदाजलानं सांधलेली आहे. शास्त्र बघायला गेलं तर पाण्यानंही तेवढंच काम होतं. सासूबाईंना शास्त्र माहीत नव्हतं. पण दोन्ही प्रकारची शास्त्रं त्यांच्या बाजूनं होती.

१९६२ च्या युद्धात देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, तशा धामनोदच्याही विणत होत्या. आत्यानं एक विणला. माप मात्र आतोबांच्या अंगाचं घेतलं, आणि आतोबा त्या काळी वाऱ्यानं हलायचे. त्या स्वेटरात कोण मावला असेल याची काळजी ती पुढं पन्नास वर्षं करत होती.

तेरा-चौदा किलोमीटरवर महेश्वर. तिथं ती मला एकदा माग दाखवायला घेऊन गेली. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात बाहेरून विणकर आणून वसवले, आणि पुढं मंदावलेल्या त्या धंद्याला होळकरांच्याच घराण्यातल्या मंडळींनी १९७८ मध्ये रेहवा संस्था काढून पुन्हा उभं केलं. मला गंमत वाटते ती ही, की मल्हारराव होळकर धनगराचे. घोंगडी आणि लोकर हा घरचा माल. त्याच घरानं जगाला दिली ती सूत आणि रेशमाची साडी. पदराला पाच पट्टे, आणि काठ असा की कुठली बाजू उलटी ते ओळखू येत नाही. मागावर एक ताणा संपला की विणकर त्याची टोकं राखून ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना जोडत जातो, हजारांनी. आत्या तिथं तासभर उभी होती. मला भूक लागली होती. परतताना बसमध्ये तिनं स्वतःच्या अंगातलं जाकीट काढलं, उलटं केलं, आतली लोंबणारी टोकं पाहिली आणि धामनोद येईपर्यंत बोलली नाही. त्यानंतर तिच्या स्वेटरांची आतली बाजूही बाहेरच्यासारखी झाली.

उरलेल्या गुंड्यांच्या ती कानटोप्या करायची, परिक्रमावासीयांसाठी. नर्मदा उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठानं समुद्रापर्यंत गेलेले आणि आता उत्तर काठानं परत निघालेले लोक या भागातून जातात. त्यांच्यात मराठी माणसं बरीच. प्रत्येक टोपीत सात-आठ रंग, सगळे सांधलेले. त्यातली बरीच मंडळी इथवर येईपर्यंत माघ संपत आलेला असायचा आणि निमाडातली थंडी केव्हाच गेलेली. भर दुपारी, घामानं निथळत, डोक्यावर आत्याची रंगीबेरंगी कानटोपी घालून "नर्मदे हर" म्हणत जाणारे साधू मी पाहिले आहेत. देणाऱ्याचं मन मोडायचं नाही, हेही परिक्रमेच्या व्रतातच येत असावं.

आत्या गेली त्याला आता काही वर्षं झाली. मागं तिच्या सुनेनं मला एक कापडी पिशवी दिली. आत माझ्यासाठी चाललेला राखाडी स्वेटर: पाठ, पुढा, एक बाही पूर्ण, दुसरी मनगटाला चार बोटं उणी. टाके सुईवर तसेच. गुंडा अर्थातच संपलेला.

लड धरता धरता मी सुलट-उलट शिकलो होतो, एवढ्यावर मी ते काम अंगावर घेतलं. इंदूरच्या एका दुकानात राखाडीशी मिळतीजुळती लोकर मिळाली. दुकानदारानं ती शुद्ध म्हणून दिली. दुकानात काडी ओढायची मला लाज वाटली. घरी ओढली, तर टोकाला छानसा मणी. तळहात लाल होईपर्यंत चोळलं, पाणी लावलं, कुणी बघत नाही असं पाहून थुंकीही लावली. नाहीच. शेवटी गाठ मारली आणि दीड महिन्यात चार बोटं विणून काढली.

या पौषात तो स्वेटर घालून धामनोदला गेलो. भाभी आता नव्वदीच्या घरात. अंगणात खाटेवर उन्हात बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी माझी बाही पकडली, मनगटाशी उलटी केली आणि बोट फिरवत फिरवत बरोबर गाठीवर आणलं.

"ये किसने लगाई?"

"मैंने, भाभी."

त्यांनी मला स्वेटर काढायची खूण केली, चष्मा मागवला आणि बाही उसवायला घेतली.